आलापाला सवड नाही

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान ध्वनिमुद्रणाला बसल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची. तासन्‌तास रंगणारा राग बाईंनी तेवढ्यात बसवला आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायलाही वेळ काढला. आजचा गायक नाव सांगत नाही, ‘सबस्क्राइब करा’ म्हणतो.

मग कॅसेट आली. दोन गाणी आवडली की उरलेली सहा बळेच घरी यायची, वांग्यांबरोबर कढीपत्ता यावा तशी. टेप गुंतली की पेन्सिल खुपसून गुंडाळत बसायचं. संगीताशी प्रत्यक्ष हातघाईचा तो शेवटचा काळ.

आता सगळं फुकटात आणि बोटावर. फक्त स्पॉटिफायवर ३० सेकंद गाणं वाजलं, तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजतात. शिवाय २०२४ पासून वर्षभरात हजारदा न वाजलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच नाही. म्हणजे पंगतीत बसा, पण वाढपी तुमच्यापर्यंत येईलच असं नाही.

आमचा भाचा गाणी करतो. म्हटलं, “अरे, सुरुवातीला छानसा आलाप घे की!”

“मामा, आलाप संपेपर्यंत लोक पुढच्या गाण्यावर गेलेले असतात.”

पटलं. हल्ली मी त्याचं गाणं रोज नेमाने ३१ सेकंद ऐकतो. वरचा एक सेकंद आहेर म्हणून.