वेंगुर्ल्यात काहीच नाही म्हणे!

"काय गो, तुझो भाचो काल येंगुर्ल्याक गेललो मां?"

काकींनी कुळथाचं सूप गडग्यावर टेकवलं तेव्हाच ओळखलं, आज अर्धा तास गेला. बातमी अख्ख्या आळीला कळल्यावरच काकी विचारतात.

गेला होता. पुण्याचा पोरगा. सकाळी गाडी काढली, नवाबागेच्या झुलत्या पुलावर फोटो काढले, सुरमईची थाळी चापली, भर दुपारी बंदरावर एक चक्कर मारली आणि चारच्या चहाला सावंतवाडीत हजर. वर मला सांगतो, "मावशी, नुसतं नावाला बंदर आहे. तिथे काहीच नाही."

"काय्येक नाय?" काकींचा हात सुपातच थांबला. "अगो, आमी बोटीन मुंबैक जायचव तेवां बगूक व्हया होता! आगबोट लांब दर्यात उबी. आमी पडावात. लाट इली की पडाव वर, गेली की खाली. वर इलो की खलाशी हात धरून ओढीत. आदी प्वारां, मगे बायलमाणसां, मगे ट्रंका. माझी सासू काष्टो आवळून चढली, पण काखेतलो फणस काय सोडल्यान नाय!"

फणस दर वेळी मोठा होतो, हे मी बोलले नाही. मुंबईपर्यंत उलट्या किती झाल्या, एवढंच विचारलं. काकी मुकाट्याने खडे वेचू लागल्या.

पडवीतून काका खाकरले. निवृत्त मास्तर, त्यांना अर्धवट इतिहास सोसत नाही. "त्याला सांग, बेळगावचा माल आंबोलीच्या घाटाने याच बंदरात उतरायचा. सतराव्या शतकात डचांनी वखार घातली ती काय हवा खायला? गोव्याचे पोर्तुगीज हाकेच्या अंतरावर, म्हणून. भिंती अजून आहेत गावात. मग 1888 साली मुरगावपर्यंत रेल्वे झाली आणि माल तिकडे वळला."

म्हणजे वेंगुर्ल्याचा धंदा एका रेल्वेने नेला, आणि नंतर दुसरी रेल्वे आली ती सावंतवाडीला, वेंगुर्ल्याला नाहीच. आगबोट तर त्याआधीच बंद झाली होती. पोराला बंदर ओकंबोकं दिसलं यात नवल नाही, पण वखार न बघता तो परतला हे मात्र मलाही पटलं नाही. वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाकोळ्या घरटी बांधतात आणि त्या घरट्यांच्या सुपासाठी चोरटा व्यापार चालायचा, हे सांगितलं असतं तर तिथल्या कोणालाही प्रश्न विचारत बसला असता. सांगणार कोण? थाळी वाढणाऱ्याला वेळ नव्हता आणि हा मान खाली घालून फोनमध्ये.

काकींचा राग वेगळाच. "दोनपारचा बंदर कोण बगता? माणसां जेवान निजलेली, होडये नांगरलेले. आणि बंदरार जावन सुरमय खाल्ल्यान? बांगड्याचो तिखलो सोडून? तिरफळां घातलेलो?" हा गुन्हा त्यांच्या लेखी डचांच्या वखारीपेक्षा मोठा.

तेव्हा तुमच्याकडे पाहुणा येणार असेल तर आधीच बजावून ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बंदरावर धाडू नका. एरवी धाडलात तर डचांची वखार दाखवा, तिखला मागायला सांगा, आणि चारच्या आत घरात घेऊ नका.