ट्रान्समीटरला वाचा कशी फोडावी

मुहूर्त शनिवारी रात्री साडेदहानंतरचा धरावा, कारण विमान रविवारी सकाळी उडवायचं असतं आणि आठवडाभर त्याला हात लागलेला नसतो. साहित्य: ट्रान्समीटर, फोमचं विमान, चार्ज केलेली बॅटरी, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि शेजारच्या खोलीत झोपलेली मंडळी. प्रॉपेलर आधी काढून ठेवावा. हे मात्र गमतीत सांगत नाही.

पहिला मान सर्व्होचा, म्हणजे पंखा-शेपटीवरच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचा. रिसीव्हर त्याला सेकंदाला साधारण ५० ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो मध्यावर, एकाचा असला की एका टोकाला, दोनाचा असला की दुसऱ्या. एवढंच त्याचं शिक्षण. म्हणून आधी वीज द्यावी, त्याला मध्यावर येऊ द्यावं आणि मगच हॉर्न, म्हणजे त्याची छोटी दांडी, काटकोनात बसवावा. काटकोन बसत नाही. दाते असे पाडलेले असतात की हॉर्न एक तर जरा इकडे कलतो, नाहीतर जरा तिकडे. तेवढ्या अर्ध्या दात्यासाठी सबट्रिम असतो. मी तो वाकडी पुशरॉड सरळ करण्याचा कंटाळा झाकायला वापरतो. मग सर्व्हो एका बाजूला पोटभर फिरतो आणि दुसऱ्या बाजूला अर्धपोटी.

दिशा तपासताना स्टिकवर अंगठा उभा धरून स्टिक उजवीकडे ढकलावी. अंगठ्याचं टोक जिकडे कललं, तिकडचं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची पट्टी, वर उठलं पाहिजे. खाली गेलं तर आउटपुटच्या पानावर जाऊन दिशा उलटवावी. बघताना विमानाच्या शेपटीकडे उभं राहावं. मी एकदा नाकासमोर उभा राहिलो होतो. ते विमान सध्या माळ्यावर दोन पिशव्यांत आहे.

मग स्टिक टोकापर्यंत नेऊन कान द्यावा. सर्व्हो कण्हत असेल तर जिथे त्याला जाता येत नाही तिथे आपण त्याला पाठवतो आहोत. तो बॅटरी खातो, तापतो आणि एक दिवस जळतो. सर्व्होच्या फिरण्याची मर्यादा एकेक टक्का कमी करत कण्हणं थांबेपर्यंत यावं. ट्रान्समीटरच्या सगळ्या टींटींपेक्षा हा आवाज मोलाचा. एक्स्पोबद्दल एवढंच, की स्टिक मऊ करायला फुटाबाच्या ट्रान्समीटरवर उणे आकडा लागतो आणि एजटीएक्स ही प्रणाली असलेल्यावर अधिक; मित्राचा आकडा उतरवून घेऊ नये.

आता वाचा. माझ्या ट्रान्समीटरवरच्या एजटीएक्समध्ये बीपचा पर्याय ‘ऑल’वर असेल तर प्रत्येक बटणाला टीं होतं. एका एलेरॉनला पाऊणशे टीं सहज लागतात, आणि विसाव्याच्या सुमारास आतून ‘अहो, काय चाललंय?’ येतं. घाबरून ‘क्वाएट’ केलं की पुढच्या वेळी चालू करताना यंत्र पडदाभर इशारा देतं: अलार्म बंद आहेत. गप्प बसवल्याची तक्रारही ते करणारच. ‘नो कीज’ घ्यावं. बटणं मुकी होतात, इशारे राहतात. पण थ्रॉटल खाली नसताना यंत्र चालू करू नये. रात्री बारा वाजता हॉलमधून एक अनोळखी बाई ठणठणीत इंग्रजीत ‘थ्रॉटल वॉर्निंग’ म्हणते.

तीच बाई उडताना बॅटरी उतरल्याचंही सांगते, पण इतक्या अदबीने की आपण आणखी एक चक्कर मारतोच. यावर उपाय घरातच सापडतो. मी आईला मोबाइलसमोर बसवलं.

‘कुणाला सांगायचंय?’

‘विमानाला.’

तिने चष्मा नीट केला आणि म्हणाली, ‘पुरे झालं आता. खाली ये. भाजी गार होतेय.’

भाजीचं मी सांगितलं नव्हतं. ते कापलंही नाही. मोनो, १६ बिट वेव्ह फाइल करून कार्डावरच्या साउंड्स फोल्डरमध्ये टाकली. मग लॉजिकल स्विच: तीन सेलच्या बॅटरीचा व्होल्टेज १०.५ च्या खाली तीन सेकंद राहिला तर. तीन सेकंद अशासाठी, की थ्रॉटल दाबला की व्होल्टेज क्षणभर बसतो आणि आई उगाच ओरडायला नको. शेवटी स्पेशल फंक्शनमध्ये ‘प्ले ट्रॅक’.

रविवारी मैदानावर आवाज पूर्ण ठेवला होता. नवव्या मिनिटाला आई बोलली. मी निमूट उतरलो. पलीकडे एक काका ग्लायडर उडवत होते, त्यांच्या ट्रान्समीटरचा याच्याशी काही संबंध नव्हता. त्यांनीही उतरवलं.