मुरूडच्या घराची कबुलायत

सुट्टीपुरते घर भाड्याने देणाऱ्या मनुष्याने सत्य किती सांगावे आणि किती पाहुण्याच्या दैवावर सोपवावे, याविषयी आमच्या धर्मशास्त्रकारांनी काही लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांच्या काळी अतिथी बिनभाड्याने येत असल्यामुळे त्यांना तशी निकड भासली नसावी. दापोली तालुक्यात मुरूडला, म्हणजे ज्या गावी महर्षी कर्व्यांचे बालपण गेले त्या गावी, आमचे जांभ्या दगडाचे वडिलोपार्जित घर आहे. ते उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या कुटुंबांस द्यावे, असा ठराव आम्हा भाऊबंदांत जेव्हा एकमताने संमत झाला (भाऊबंदांच्या एकमताचा आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासातील हा पहिलाच दाखला), तेव्हा जाहिरातीचा मसुदा करण्याची कामगिरी, मी लेखक म्हणून बदनाम असल्यामुळे, माझ्या गळ्यात पडली.

प्रथम मी किनाऱ्यावरच्या इतर घरांच्या जाहिराती अभ्यासिल्या. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असे त्यांपैकी बहुतेकांत असते. परंतु ती पाच मिनिटे कोणाची, कडेवर मूल नसलेल्या तरुणाची की भर वैशाखात तापल्या वाळूतून अनवाणी निघालेल्या गृहस्थाची, याचा खुलासा नसतो. ‘खोलीतून समुद्रदर्शन’ म्हणजे, खिडकीच्या चौकटीवर उभे राहिले असता, शेजाऱ्याच्या पोफळी वाऱ्याने वाकल्याच तर, घडणारे दर्शन. हे वाचून मी असा निश्चय केला की, आपण सत्य, संपूर्ण सत्य आणि तेही कलमवार लिहावे.

त्यानुसार मी लिहिले की, विहीर वैशाखात तळ गाठते, सबब स्नान मोजक्या पाण्यात उरकावे. वीज जाते, आणि वळवाचे चार थेंब पडले की परत येण्यास संकोचते. माळ्यावर एका वटवाघळाचे वास्तव्य असून त्याची वहिवाट भाडेकरूंच्या आधीची आहे. परसातील हापूसची झाडे व्यापाऱ्यास खंडाने दिलेली असल्यामुळे आंबे अवलोकनार्थ आहेत, तोडण्यासाठी नाहीत. आणि स्वयंपाकघरात मासळी शिजणार नाही, हर्णैचा लिलाव मात्र खुशाल पाहावा, कारण दृष्टीला सोवळे नसते. भरतीच्या वेळेसाठी कोकणातला जुना हिशोबही दिला: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता पूर्ण भरती; ओहोटी त्यानंतर सहा तासांनी.

इतके स्वच्छ लिहिल्यावर कोणी फिरकणार नाही, असा भाऊबंदांचा कयास होता. परंतु सत्यावर विश्वास ठेवण्याची सवय सुशिक्षित समाजास राहिलेली नसल्यामुळे सर्वांनी त्या मजकुरास विनोद समजून घेतले आणि मे महिन्याच्या तारखा चैत्रातच संपल्या. तक्रारी आल्या त्याही भलत्याच. पुण्याच्या एका कुटुंबाची लेखी तक्रार अशी की, जाहीर केलेले वटवाघूळ मुक्कामभर दृष्टीस पडले नाही, मुलांचा हिरमोड झाला, तरी भाड्यात सूट मिळावी. घरी राहणाऱ्या आमच्या काकांनी तिचा जाबसाल तोंडी दिला: “अहो, ते आहे हो माळ्यावर, पण ते काही आमच्या नोकरीत नाही!” दुसरे एक गृहस्थ ऐन ओहोटीला पोहोचले आणि समुद्र मागे नेल्याचा आरोप काकांवर ठेवते झाले. काकांनी तिथीचे कलम दाखविले, तेव्हा आपण सुट्टीवर निघताना पंचांग बरोबर आणीत नाही, असे त्यांनी बाणेदारपणे सांगितले. तेव्हापासून ओटीवरच्या खुंटीला पंचांग टांगलेले असते.

खरी पंचाईत मात्र निराळीच. ज्या घरात आपण रांगलो, त्याचे गुणदोष पाहण्याची दृष्टी आपणांस उरत नाही; लबाड मालक दोष झाकतो हे खरे, परंतु प्रामाणिक मालकाला ते दिसतच नाहीत, आणि पाहुण्याच्या बाजूने पाहता या दोन अवस्थांत फारसा फरक नाही. मध्यरात्री कौलांवर नारळ पडतो, हे सांगण्यासारखे काही आहे असे आमच्या सात पिढ्यांत कोणास वाटले नव्हते. मुंबईच्या एका वकिलांनी तो पहिला नारळ ऐकून दरोडा पडल्याच्या समजुतीने सहकुटुंब माजघरात पहाट केली. आणि ज्या लाटांच्या गाजेचा आम्हांस पिढीजात अभिमान, तिच्याविषयी एका भगिनींनी रात्री अकरा वाजता काकांना झोपेतून उठवून अत्यंत सौजन्याने विचारले, “काका, हा आवाज जरा कमी करता येईल का?”

दुसऱ्या दिवशी माझ्या मसुद्याच्या तळाशी काकांनी स्वहस्ते एक कलम वाढविले. ते असे: ‘समुद्र रात्रीही चालू असतो. बंद करण्याची कळ आमच्याकडे नाही. त्याकरिता काकांना उठवू नये.’