काकूंची सिलेक्शन कमिटी

"काय करू लागलात हो वहिनी? मोटर लावली का? पाणी आलंय केव्हाचं."

सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसची कंपाउंड वॉल जेमतेम छातीइतकी. नळाला पाणी येतं त्या दिवशी सगळी गल्ली एकदमच अंगणात असते, त्यामुळे मोठ्या बातम्या फुटतात त्या पाण्याच्याच दिवशी. मोटर चालू करून मी भिंतीशी आले. काकूंनी भिंतीवर ताट ठेवून मेथी निवडायला घेतली होती. म्हणजे बातमी मोठीच होती.

"मला कमिटीत घेतलं."

"कसल्या?"

"सिनेमाच्या. ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये तीन संध्याकाळ सिनेमे लावू लागलेत. परदेशात गेलेल्या आपल्या लोकांवरचे. ज्यांची लेकरं तिकडं आहेत, त्यांच्या आईबापांनी यायचं. म्हणजे काय, सगळ्यांनीच यायचं. आपल्या लायनीत कुणाचं पोरगं राहिलंय इथं?"

"शेवटच्या घरातला आहे की."

"त्याचा व्हिसा आला परवा," काकू म्हणाल्या आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं.

ही कल्पना काकूंच्या डोक्यात कुठून शिरली, ते मला ठाऊक होतं. जानेवारी २०२५ मध्ये अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दहाव्यांदा भरला, तेव्हा मीच त्यांना प्रोझोनला ओढून नेलं होतं. काकूंचा त्याआधीचा थिएटरशी संबंध म्हणजे मोहन टॉकीज आणि सादिया, तेही लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाऊल टाकायला दहा मिनिटं, पण आत गेल्यावर सलग दोन सिनेमे. एक कुठल्याशा बर्फाळ देशातला होता, खालच्या अक्षरांसकट. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सासू सगळीकडं सारखीच हो."

"त्या वर्षी त्या सई परांजप्यांना पद्मपाणी पुरस्कार दिला बघा," काकू म्हणाल्या. "आणि त्याच्या आदल्या वर्षी जावेद अख्तरला. मला बाई सईच जास्त आवडल्या. 'चष्मेबद्दूर'वाल्या. किती चटपटीत बोलतात!"

"त्यांचं स्वतःचं घरच केवढं फिरलेलं! वडील रशियन चित्रकार. आई शकुंतला परांजपे, 'कुंकू'मध्ये काम केलेल्या. आजोबा रँग्लर परांजपे, ते ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते १९४४ ते ४७, तेव्हा सईबाई लहानपणी तिकडेच होत्या."

"म्हणजे आमच्या नातवासारखंच की! तो पण आजोबांकडं… नाही, उलटं झालं. इथं आजोबा तिकडं जाऊन नातवाला सांभाळतात."

आतून काकांचा आवाज आला, "सहा महिने सांभाळला. डायपर बदलले. तेही सांग."

काकूंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांचा धाकटा सॅन होजेजवळ आहे. तिथे २०२४ च्या जूनमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, आणि पाठोपाठ जुलैत 'नाफा'चा पहिला मराठी फिल्म फेस्टिवल, कॅलिफोर्निया थिएटरमध्ये. 'नाफा' काढणारे अभिजित घोलप म्हणजे 'देऊळ'चे निर्माते, ज्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता. काकूंना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते सूनबाईंच्या फोटोतलं.

"रेड कार्पेटवर उभी! माझी पैठणी नेसून! अहो, जी पैठणी मी पैठणहून विणकराच्या घरी बसून घेतली, लग्नाशिवाय कपाटाबाहेर काढली नाही, ती नेसून ही तिकडं पॉपकॉर्न खाऊ लागली."

"पॉपकॉर्न कोरडं असतं."

"बटर असतं त्यात, वहिनी."

आता फेस्टिवल म्हटलं की मला माझ्या सिअ‍ॅटलच्या भाचीचं सांगणं आलंच. तिकडे 'तस्वीर' नावाचा फेस्टिवल आहे, भारत-पाकिस्तान-बांगलादेश-नेपाळ-श्रीलंका सगळ्यांचा मिळून. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सावळ्या रंगाच्या कुणाहीकडे लोक संशयाने बघायला लागले, तेव्हा २००२ मध्ये रीटा मेहेर आणि फराह नौशीन या दोघींनी तो भरवणारी संस्था सुरू केली. आता तिथे बक्षीस मिळालेला लघुपट ऑस्करच्या शर्यतीत उतरायला पात्र ठरतो.

"दोघी बायका?" काकूंनी मान वर केली. "बघा. आणि आमच्या कमिटीत सहा पुरुष आणि मी. त्यातल्या चौघांना 'पूरब और पश्चिम' लावायचाय."

"अरे देवा."

"मी म्हणलं, त्यात तिकडं गेलेली प्रत्येक बाई सिगारेट ओढते आणि शेवटी साडी नेसून परत येते. आपल्या सुना बघतील तर काय म्हणतील? तुम्ही सांगा कुठले लावू. तुम्ही शिकलेल्या, फिल्म सोसायटीवाल्या."

असं कुणी विचारलं की माझं भानच जातं. मी मीरा नायरच्या 'द नेमसेक'पासून सुरुवात केली. झुंपा लाहिरींच्या कादंबरीवरचा. इरफान बघायला आलेला असतो आणि तब्बू आतल्या खोलीतून बाहेर येताना दाराशी त्याचे काढून ठेवलेले बूट बघते. अमेरिकेतले. इकडेतिकडे बघून हळूच त्यात पाय घालते. लग्नाला हो म्हणायच्या आधीच.

"हाय हाय!" काकू खूश झाल्या. "आणि?"

"आणि अमेरिकेत पहिल्यांदा एकटी घरात असते, तेव्हा तिथल्या मुलांच्या नाश्त्याच्या तांदळाच्या लाह्यांत शेंगदाणे आणि तिखट घालून खाते."

"म्हणजे भडंगच की! आमच्या धाकट्यानं पण हेच केलं होतं पहिल्या थंडीत. मला फोटो पाठवला, मी म्हणलं लसूण कुठंय." काकूंच्या हातातली जुडी थांबली. "बरं, पुढं नवरा नांदवतो ना नीट?"

"नीट. पण मध्येच जातो. परगावी, एकटाच असताना. आणि तिला फोनवर कळतं."

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फोनवरच कळायचं. तिकडूनही आणि इकडूनही. लिहा तो पहिल्या दिवशी. पण मध्यंतरात चहा ठेवायला सांगते, नाहीतर लोक रडून घरी जातील."

मग मी 'मिसिसिपी मसाला' काढला. तोही मीरा नायरचाच, १९९१ चा. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यातलं एक गुजराती कुटुंब फिरत फिरत मिसिसिपीत येऊन मोटेलमध्ये राहतं. बाप वर्षानुवर्षं कंपालातल्या आपल्या घरासाठी अर्ज करतोय. आणि मुलगी गालिचे धुण्याचा धंदा करणाऱ्या एका काळ्या मुलाच्या प्रेमात.

काकूंनी मेथी बाजूला सारली, भिंतीवर पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला. "वहिनी, कोपऱ्यावरच्यांचं कळलं का तुम्हाला?"

"मुलीचं जमलंय म्हणून ऐकलं. जावई साउथचा आहे म्हणे."

"साउथचाच. अटलांटाचा."

मला हे उमगायला दोन क्षण लागले. मग दोघीही भिंतीला धरून इतक्या हसलो, की काका बाहेर येऊन बघून गेले.

"अहो, वर्षभर सगळ्यांना सांगू लागले, साउथचा, साउथचा. आम्ही आपलं समजतोय तमिळ असेल, इडल्या करेल. मी व्हिडिओवर पाहिलाय त्याला. उंच, काळासावळा, छान पोरगा. मला 'नमस्कार आजी' म्हणाला. शिकवलं असेल तिनं. पण हे दोघं कुणाला सांगायला तयार नाहीत. नाहीतर सगळ्यांत आधी पेढे यांचेच असतात."

मग मी म्हटलं, मराठीत हे कधीच होऊन गेलंय. जब्बार पटेलांचा 'मुक्ता', १९९४ चा. परदेशात वाढलेली मुलगी, सोनाली कुलकर्णी. इथे येते, तिचं मन एका दलित कवीवर बसतं, आणि मग तिकडचा तिचा काळा मित्रही इथे येऊन दाखल होतो. मराठा घराण्यातल्या मंडळींची दोन्ही बाजूंनी पंचाईत. सिनेमावाल्यांनी काय साल निवडलं होतं बघा! त्याच वर्षी जानेवारीत इथे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणारा नामविस्तार झाला. त्याच्या आधीची वर्षं या शहराने कशी काढली ते काकूंना मी सांगायची गरज नव्हती. त्या तेव्हा पैठण गेटला राहायच्या.

"ते दिवस नका आठवू," त्या म्हणाल्या. "ह्यांना संध्याकाळी घरी यायला उशीर झाला की मी दारातच. 'मुक्ता' लावते मी. आणि कोपऱ्यावरच्यांना पहिल्या रांगेत."

"अहो काकू, बरं दिसेल का?"

"का नाही? त्यांना पण कळेल, आपलंच एकट्याचं नाही झालं म्हणून."

तिसरा कुठला, यावर आमचं घोडं अडलं. मी 'स्वदेस' म्हटलं. आशुतोष गोवारीकर आपल्या महोत्सवाचे मानद अध्यक्ष, म्हणजे गावचा संबंध आहे. शिवाय शूटिंग वाईजवळच्या मेणवलीचं, नाना फडणवीसांच्या घाटाचं. आणि गावकऱ्यांनी पाण्यावर वीज काढण्याचा धागा नंदुरबारकडच्या बिलगावचा. नर्मदेच्या खोऱ्यातल्या तिथल्या लोकांनी श्रमदानातून खरंच दिवे लावले होते.

"बघितलाय," काकू म्हणाल्या. "शाहरुख त्या म्हाताऱ्या कावेरीअम्माला न्यायला येतो. मोठी गाडी घेऊन, आत पलंग, नळ, सगळं. माझा धाकटा विमानतळावर कॅब पाठवतो."

"तो इकडे येतो तेव्हा काय तुम्ही नेता का त्याला घ्यायला पलंगाची गाडी?"

"तसं नाही हो." काकूंचा सूर बदलला. "तुम्ही जेवढे सिनेमे सांगितले ना, त्या सगळ्यांत गेलेल्या माणसाचं दुःख आहे. त्याला थंडी वाजते, त्याला आठवण येते, त्याच्या पोरांना मराठी येत नाही. बरोबर आहे. पण मागं राहिलेल्याचं कुणी काढलंय का? आमची कावेरीअम्मा पण पोरगा येईपर्यंत काय करते, ते नाही दाखवलं. मोटर बंद पडली तर कुणाला बोलावते, बँकेत ओटीपी आला की कुणाला विचारते."

मी म्हटलं, काढलंय, आणि ज्यांनी काढलंय त्यांना तुम्ही प्रोझोनला जाऊन टाळ्या वाजवून आलात. सईबाईंचा 'दिशा', १९९० चा. त्यात कुणी अमेरिकेला जात नाही. खेड्यातले लोक मुंबईच्या गिरणीत जातात. नाना पाटेकर जातो, रघुवीर यादव जातो, एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात, पैसे गावी पाठवतात. पण सिनेमा परत परत गावाकडेच येतो. तिथे विडीचा कारखाना निघतो, बायका स्वतः कमवायला लागतात, आणि गेलेल्या नवऱ्यांच्या पाठीमागे घरात काय काय बदलतं ते बाईंनी अजिबात लपवलेलं नाही. आणि ओम पुरी. तो कुठेच जात नाही. बारा वर्षं एकटा विहीर खणत बसलाय. सगळं गाव त्याला वेडा म्हणतं, कोरड्या खड्ड्यात उतरतो आणि खणतो.

"आणि लागतं का पाणी?"

"लागतं."

"आता लागतं म्हणून सांगून टाकलंत की!" काकू चिडल्या. पण डोळे चमकत होते. "हा आमच्या बीडकडचा सिनेमा आहे, वहिनी. माझ्या माहेरचे निम्मे लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. म्हातारी माणसं आणि शेळ्या गावात. ते काय परदेशी गेले नव्हते, पण सहा महिने तोंड नाही दिसायचं. त्यांना कुणी फेस्टिवल भरवला नाही. हाच लावते. 'स्वदेस' कॅन्सल."

खरं सांगायचं तर मला 'स्वदेस' कॅन्सल झाल्याचं वाईट वाटलं नाही. या शहराचं बाहेर जाणं काही कॅलिफोर्नियापासून सुरू झालेलं नाही. इथल्या नाटकवाल्यांची एक अख्खी पिढी, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, 'जिगीषा'ची ती सगळी मंडळी मुंबईला गेली आणि आपण इथे तापडिया नाट्यमंदिरात तिकीट काढून त्यांचीच नाटकं बघायला लागलो. आता विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या आणि एमजीएमच्या फिल्मवाल्या पोरांची नजर पण पुढच्या गाडीवरच असते. महोत्सवाचे पाच दिवस जग आपल्याकडे येतं, सहाव्या दिवशी आपलं एक पोरगं जगाकडे निघतं.

"वेळ काय ठेवलीय?" मी विचारलं.

"सात ते साडेनऊ म्हणू लागलेत सहा जण. मी म्हणलं, चालणार नाही."

"का?"

"नऊला फोन येतो. थंडीत कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात वाजतात, ऑफिसला निघायच्या आधी सगळ्या पोरांचा तोच टाइम. नऊला अख्ख्या हॉलचे मोबाइल एकदम वाजतील. अमेरिकेचे नऊला, लंडनवाल्यांचे अकराला, आणि ऑस्ट्रेलियावाल्यांची तर झोपायची वेळ होऊन गेलेली. म्हणून पाचला सुरू, साडेसातला संपलं पाहिजे. आणि परवानग्या-बिरवानग्या काय लागतात ते त्या सहा जणांनी बघावं, बसलेत ना कमिटीवर."

"आणि कोपऱ्यावरच्यांना बोलवायला कोण जाणार?"

"मीच जाणार. 'मुक्ता'च्या दिवशी नऊपर्यंत थांबवून घेते त्यांना हॉलमध्येच. म्हणावं, जावईबापूंचा फोन इथंच घ्या, स्पीकरवर टाका. सगळ्या गल्लीला नमस्कार करू द्या की त्याला."

काकांनी आतून विचारलं, मग पेढे कोण आणणार. काकू म्हणाल्या, "तुम्हीच आणा. उंबऱ्यात उभं राहून ऐकू लागलात ना सगळं."