सोसायटीतली माणुसकी

गृहनिर्माण सोसायटीत माणुसकी तीन प्रकारची आढळते. पहिली मोबाइलवरची: सकाळी सुविचार पुढे ढकलला की दिवसाचा कोटा संपतो. दुसरी सणावारी: संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायचे, पार्किंगचे भांडण रथसप्तमी उलटली की पुन्हा सुरू. तिसरी तोंडपाठ: साने गुरुजींची प्रार्थना शाळेपासून पाठ असते, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले, हा भाग मात्र ऑप्शनला टाकलेला असतो. त्यामुळे घरकामाच्या मावशींचा चहा आजही कान तुटलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपातच ओतला जातो. विश्वाचे कल्याण जरूर चिंतावे. आधी तो कप बदलावा.