जावयाचा तंबू

१९८७ साली मी रतनगड चढलो होतो. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा बोललो आहे की या वेळी गाडी ठाण्यातून निघतानाच सुहासने नियम जाहीर केला : प्रवासात जो कोणी 'सत्त्याऐंशी साली' म्हणेल, त्याने दहा रुपये दंड भरायचा. 'जो कोणी' हे नुसतं सभ्यतेखातर. कसारा घाट संपायच्या आत माझे वीस रुपये गेले होते.

आम्ही चौघे. सुहास, विजू, बाळ्या आणि मी. चौघांत मिळून आठ गुडघे, त्यातले पाच चालू. डिसेंबरातल्या दोन रात्री भंडारदऱ्याला तळ्याकाठी राहायचं, थोडं चालायचं, बरंच खायचं आणि उरलेला वेळ पाण्याकडे बघत बसायचं, असा बेत. तिथे आता काठाकाठाने तयार तंबू मिळतात. गादी, उशी, शेकोटी, रात्रीचं जेवण, सगळं त्यात आलं. पण बाळ्याने जावयाचा तंबू आणला होता.

हा जावई पुण्यात संगणकाचं काहीतरी करतो आणि शनिवार-रविवार डोंगरात असतो. तंबू देताना तो एवढंच म्हणाला होता, "बाबा, जरा सांभाळून हं." लेक दिलेल्या घरातून असं वाक्य आलं की सासऱ्याचं काय होतं, हे सांगायला नको. रुखवतातला काचेचा ताजमहाल न्यावा तसा तो तंबू बाळ्याने ठाण्यापासून मांडीवर घेतला होता.

घोटीला वळलो. बारी गावातून कळसूबाई दिसतं. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. आम्ही गाडीतूनच हात जोडले आणि चहा घेतला. मग धरण. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. साहेबाने धरणाला विल्सनचं नाव दिलं आणि तलावाला आर्थरचं. चहावाल्याला आम्ही विल्सन डॅम कुठे म्हणून विचारलं, तेव्हा त्याने आधी आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि मग म्हणाला, "ड्याम होय? त्यो काय."

विजूला इथे काजवे बघायचे होते. काजवे पावसाच्या तोंडावर येतात, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. डिसेंबरात तलावाभोवती एकही काजवा नसतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तंबूची दोरी ओढताना त्याची नडगी लोखंडी खुंटीवर आपटली, तेव्हा त्याला ते दिसले. भरपूर दिसले, असं तोच म्हणाला.

जागा छान होती. भात कापून झालेलं खाचर, पलीकडे पाणी, पाण्यापलीकडे डोंगर. खाचराचे मालक मामा आमचा खटाटोप बांधावर बसून बघत होते. त्यांनी मदत करू का म्हणून दोनदा विचारलं. मी म्हणालो, "नको मामा, सत्त्याऐंशी साली आम्ही..." तीस रुपये.

तंबू उभा राहायला पाऊण तास लागला. तो उभा राहिल्यावर दोन काठ्या उरल्या. त्या आम्ही कुणाला न दाखवता गाडीत ठेवल्या.

दुपारचं जेवण तळ्याकाठी, चटईवर. मामांच्या घरून नागलीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा आला. त्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नाही. पाचवी भाकरी कुणी खाल्ली, हा वाद अजून मिटलेला नाही आणि लेखी पुरावा ठेवणं मला परवडणारं नाही.

आता रात्र. एका तंबूत सुहास आणि विजू, जावयाच्या तंबूत बाळ्या आणि मी. बाळ्या घोरतो. म्हणून त्या दोघांनी आपला भाड्याचा तंबू पन्नास पावलं लांब ठोकला आणि वर कानात कापूस घातला. पण त्या रात्री बाळ्या घोरला असता तरी कुणाला कळलं नसतं, कारण शेजारच्या तळावर स्पीकर लावला होता. माणसाएवढा स्पीकर. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी हाणत शांततेच्या गावी यायचं आणि पोचल्या पोचल्या तिचा गळा दाबायचा, ही काय हौस आहे? त्या आवाजाने पाण्यावरची बदकंसुद्धा उठून गेली. सकाळी बांधावर वेफर्सची चौदा पाकिटं मिळाली. मी मोजली. राग आला की मी मोजतो.

थंडी मरणाची होती. भाताची धसकटं तंबूच्या तळातून पाठीला आपली संख्या सांगत होती. माझ्याकडे एक गुपित होतं : बायकोची काश्मिरी शाल. तिच्या भावाने दिलेली. ती स्वतःसुद्धा लग्नाकार्याशिवाय काढत नाही. मी ती निघताना कपाटातून, कसं म्हणू, सोबत घेतली होती.

पावणेदोनला बाळ्याने मला हलवलं. "उठ. मला जायचंय."

बाळ्याला मधुमेह आहे, आणि झोपायच्या आधी त्याने तीन पेले बिनसाखरेचा चहा घेतला होता. त्याने घाईघाईत तंबूची चेन ओढली. चेन वीतभर सरकली आणि थांबली. मी विजेरी लावली. चेनच्या रनरने माझ्या अंगावरच्या शालीचा पदर दाढेत धरला होता, झालरीसकट.

"ओढ," मी म्हणालो.

त्याने ओढलं. काहीतरी टर्र वाजलं.

"ओढू नकोस!" मी म्हणालो.

पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं त्या रनरवर वाकून बसलो होतो. वर ढकललं तर शाल आणखी आत जाई, खाली ओढलं तर झालर तुटे. बाळ्याने दातांनी प्रयत्न केला. मी त्याला पाठीला लावायचा बाम चेनला चोळून दिला. चेन हलली नाही, पण तंबूत कोंडलेल्या दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. फोनला रेंज नव्हती. आम्ही हाका मारल्या. "सुहाऽऽस! विज्याऽऽ!" स्पीकर दणाणत होता. थोड्या वेळाने शेजारच्या तळावरून कुणीतरी आम्हाला ताल धरून साथ दिली. त्यांना वाटलं, आम्हीही रंगात आलोय.

"सुरी आहे," बाळ्या म्हणाला. कांदा कापायची सुरी माझ्या उशाला होती. त्याने ती घेतली आणि शालीकडे बघितलं.

"शालीला हात लावशील तर बघ," मी म्हणालो. "तंबू काप."

"जावयाचा तंबू कापू?" बाळ्याचा आवाज बसला होता. "तुला मुलगी नाही म्हणून तू असं बोलतोस."

एका बाजूला माझ्या बायकोचं माहेर, दुसऱ्या बाजूला त्याच्या लेकीचं सासर, आणि मधे बाळ्याचा मधुमेह. लग्नाच्या याद्या करतानासुद्धा मी इतका नाजूक पेच बघितलेला नाही. बाळ्या आता उभा राहून, कमरेत वाकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "सत्त्याऐंशी साली आम्ही तर उघड्यावर..." त्या अवस्थेतही तो म्हणाला, "चाळीस."

एवढ्यात बाहेर कंदिलाचा उजेड हलला. मामा. हाका त्यांना थेट घरापर्यंत ऐकू गेल्या होत्या.

"काय झालं सायेब?"

आम्ही दोघांनी एकदम सांगितलं. मामांनी तंबूला एक फेरी मारली.

"सायेब," ते शांतपणे म्हणाले, "त्या अंगाला बी दार हाय की."

ते आम्ही खिडकी समजलो होतो. तिच्यासमोर आमच्या बॅगा, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन रचला होता, वारा येऊ नये म्हणून. मामांनी बाहेरून चेन सरकन उघडली. बाळ्या कॅनवरून जो गेला, तसा त्याला मी कॉलेजच्या स्पर्धेतही पळताना बघितलेलं नाही.

झोप मेली होती. मामांनी काटक्या पेटवल्या, घोंगडी गुंडाळून ते उकिडवे बसले. अडीचच्या सुमाराला स्पीकर बंद पडला आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं : काठावर चुबकणारं पाणी, कुठेतरी लांब कुत्रं, बाळ्याचा समाधानाचा उसासा. मामा पाण्याकडे बोट करून म्हणाले, "हितंच खाली आमच्या पणजाचं वावर." पुढे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही कुठलं?"

"ठाण्याचे."

"राघोजींना ठाण्यालाच फाशी दिली," मामा म्हणाले. एखाद्याने आपल्या घरातल्या माणसाचं सांगावं तसं. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून मी नोकरीची तीस वर्षं बसने गेलो. तिथे सिग्नल फार वेळ लागतो, एवढंच मला त्या जागेबद्दल माहीत होतं. मी काहीच बोललो नाही. मामांनी शेकोटीत आणखी एक फाटा सारला.

दुसऱ्या दिवशी रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, शेजारची पुष्करणी त्याहून देखणी. खांबांवरचं नक्षीकाम बघताना विजूसुद्धा गप्प होता. प्रवरा इथल्याच डोंगरात उगम पावते आणि तिला अमृतवाहिनी म्हणतात. सांदण दरी लांबूनच राहिली. ती आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी आहे असं प्रत्येक जण सांगतो, पहिली कुठली म्हणून विचारलं की विषय बदलतो.

मग रतनगड. जंगलातून ओढा ओलांडत अर्धा तास चाललो. झाडीच्या फटीतून माथ्यावरचं नेढं दिसलं, सुईच्या भोकासारखं, आरपार आभाळ. मी थांबलो. तिघेही माझ्याकडे बघायला लागले. सुहासने हात पुढे केला. माझा उजवा गुडघा बोलत होता, डावा त्याला अनुमोदन देत होता.

"सत्त्याऐंशी सालीसुद्धा," मी पाकिटातून दहाची नोट काढत म्हणालो, "मी इथूनच परत फिरलो होतो."

कुणीही हसलं नाही, ते जास्त लागलं. सुहासने नोट घेतली नाही. आम्ही तिथेच एका दगडावर बसून उरलेली भाकरी ठेच्याशी खाल्ली आणि खाली उतरलो. आधीच्या चाळीस रुपयांचा मात्र परतीच्या वाटेवर चहा झाला.

शाल कपाटात जागच्या जागी, होती तशाच घडीत ठेवली आहे. झालरीचे आठ दोरे अजून तंबूच्या चेनमध्ये आहेत आणि तंबू पुण्याला जावयाकडे परत गेला आहे. लग्नसराई तोंडावर आहे. वाचकांपैकी कुणी ठाण्यात आमच्याकडे येणार असेल तर जरूर यावं, जेवूनच जावं. फक्त हा अंक सोबत आणू नये.