बाग आत घेता येते

मुंबईच्या उपनगरांत सध्या बागा वर चढताहेत. अंधेरी स्टेशनबाहेर माणसाला दोन्ही पाय एकाच वेळी टेकवायला जागा मिळत नाही, पण तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर बत्तिसाव्या मजल्यावर प्रत्येक कुटुंबाला ‘खासगी उद्यान’ मिळणार आहे. होर्डिंगवर एक बाई पांढऱ्या झग्यात, अनवाणी, हिरवळीवर कॉफी पीत उभी असते. मागे डोंगर, धुकं. उपनगरातली खरी बाई त्या वेळी एका हाताने डबा भरत, दुसऱ्या हाताने नळ सोडत असते आणि डोळा घड्याळावर असतो. पण होर्डिंग तिच्या पायांसाठी नसतं, तिच्या होमलोनसाठी असतं.

आपल्याला हा प्रकार काही नवा नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात, धरत नसत. हेतू उदात्त होता: माणसाने चार झेंडू लावावेत. बिल्डरांनी ते फारच मनावर घेतलं. हॉलला फ्लॉवर बेड, बेडरूमला फ्लॉवर बेड, स्वयंपाकघराला तर दोन्ही बाजूंनी. मोजताना तो एफएसआयच्या बाहेर आणि विकताना चौरस फुटाच्या भावाने आत. सोसायटीचा सभासदही काही कमी नव्हता. ताबा मिळाला की आधी गवंडी बोलवायचा. त्या खोलगट जागेत मातीऐवजी डेब्रिज, वर लादी, खिडकी दोन फूट पुढे सरकवायची, झालं. ‘आम्ही फ्लॉवर बेड आत घेतला’ हे वाक्य बोरिवली ते घाटकोपर इतक्या अभिमानाने बोललं गेलंय, जणू गोवा मुक्त केला. मोगरा जिथे फुलायचा तिथे वॉशिंग मशीन आलं आणि तेच बिचारं नियमित पाणी प्यायलं.

जानेवारी २०१२ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त सुबोध कुमार यांच्या पुढाकाराने नियम बदलले. फ्लॉवर बेड, बाल्कनी, निश, व्हॉइड सगळं एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं आणि त्या बदल्यात घरांसाठी प्रीमियम भरून ३५ टक्क्यांपर्यंत जादा, ‘फंजिबल’ एफएसआय मिळू लागला. त्यासरशी बिल्डरांची फुलांवरची श्रद्धाच उडाली. नव्या प्लॅनमधून फ्लॉवर बेड असा नाहीसा झाला की वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यास करावा.

आता तो ‘स्काय गार्डन’ होऊन परत आलाय. आधी त्याचं वजन बघू. शंभर चौरस फुटांत एक फूट माती घातली आणि ती पावसात भिजली की भार पाच टनांच्या आसपास जातो. म्हणजे बाल्कनीत एक हत्ती बसवल्यासारखं आहे आणि हा हत्ती कधी उठणार नाही. एक फुटात कोथिंबीर येते. झाडच हवं असेल तर तीन फूट माती लागते, म्हणजे तीन हत्ती. घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो वापराचा भार धरून काढतात. ओली माती एक फुटालाच साडेपाचशेच्या वर जाते. तेव्हा स्लॅब मुळातच तसा बांधावा लागतो. तो बांधता येतोच, प्रश्न फक्त त्याचे पैसे कोण देणार हा आहे. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मिलानचं उदाहरण प्रेझेंटेशनमध्ये येतंच. वास्तुविशारद स्तेफानो बोएरी यांचे ‘बॉस्को व्हर्तिकाले’ हे दोन टॉवर २०१४ साली पुरे झाले, अंगावर सुमारे आठशे झाडं. बिल्डरची स्लाइड इथे संपते. पुढचं असं, की त्या झाडांची वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी घेतली होती, ती तारांनी बांधलेली आहेत, छाटणीला गच्चीवरून दोरांना लटकत माळी उतरतात आणि घरमालकाला झाडाला हात लावायचा अधिकार नाही. काळजी सगळी इमारत घेते, खर्च मेंटेनन्समधून. आपल्याकडे लिफ्टचा एएमसी वाढवायचा तर तीन सभा होतात. चीनमधल्या चेंगदूची स्लाइड तर कोणी दाखवतच नाही. तिथे ‘जंगलातलं घर’ म्हणून ८२६ फ्लॅट विकले गेले. २०२० मध्ये बातमी आली की राहायला दहाएक कुटुंबंच आलीत, बाकी सगळे डास. आपल्याकडे जुलै उजाडला की महापालिकेचा कीटकनाशक विभाग कुंडीखालची ताटलीसुद्धा उचलून बघतो. अख्ख्या जंगलाला नोटीस काढायची वेळ आली तर ती कोणत्या मजल्यावर चिकटवणार?

आणि लीकेज. उपनगरात दोन घरांचं वैर दोन पिढ्या टिकवायला वरच्यांचं एक बाथरूम पुरतं, इथे तर अख्खी बाग वर आहे. घाटकोपरच्या एखाद्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावरचे काका तेविसाव्यावर जातील.

‘‘काकू, तुमचं पाणी आमच्या फॉल्स सीलिंगमध्ये येतंय.’’

‘‘पाणी कुठलं? दव असेल.’’

‘‘दव पिवळं असतं का?’’

‘‘मग शेणखत असेल. चांगलं असतं ते.’’

सेक्रेटरी नेहमीप्रमाणे ‘तुम्ही दोघं आपसांत बघा’ म्हणतील. प्रकरण सर्वसाधारण सभेत जाईल आणि इतिवृत्तात ठराव येईल: ‘तेविसाव्या मजल्यावरील कर्दळ ही सभासदाची खासगी मालमत्ता असून तिची मुळे सामायिक समजण्यात यावीत. शेणखताची गोणी सर्व्हिस लिफ्टमधूनच व फक्त दुपारी दोन ते चार या वेळेत न्यावी.’ पुढच्या वर्षी कबुतरं येतील, मग कबुतरांची जाळी येईल आणि बत्तिसाव्या मजल्यावरची ती बाई जाळीआडून कॉफी पिईल.

खरं तर आमच्याकडचं व्हर्टिकल गार्डन केव्हाच यशस्वी झालंय. कुठल्याही जुन्या बिल्डिंगच्या मागे जाऊन मान वर करा. ड्रेनेजच्या पाइपाला, चौथ्या मजल्याच्या सांध्यात, पिंपळ. त्याला माळी नाही, ठिबक नाही, खत मिळतं ते थेट पाइपातून. तीन वेळा कापला, ॲसिड ओतलं, तरी पावसाळ्यात तांबूस पालवी घेऊन हजर. मिलानकरांनी एकदा येऊन बघून जावं.

जमिनीवरच्या बागेचं काय झालं, हे विचारायची पद्धत नाही. सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल या बिल्डर कंपनीच्या खटल्यात सांगावं लागलं, की लेआउटमध्ये राखायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिच्या जागी चालणार नाही. बाग जमिनीवर असते, हे या शहराला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून लिहून घ्यावं लागलं.

मुलुंडच्या तीनमजली जुन्या सोसायट्यांत मागच्या अंगाला आंबा, फणस, दोन नारळ असतात. कोणी तरी पन्नास वर्षांपूर्वी लावलेले. ते कोणाचेच खासगी नव्हते, म्हणून कैऱ्यांच्या वाटपावरून दरवर्षी सगळ्यांची भांडणं व्हायची. रिडेव्हलपमेंटमध्ये तिथे दोन मजली बेसमेंट येतं. वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि ते तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायला सांगितलं. पन्नास आंबे कुठे लावणार, असं सभेत एका आजोबांनी विचारलं. बिल्डरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, ‘‘सर, प्रत्येक फ्लॅटला गार्डन आहे ना.’’

मुलुंडच्याच एका ब्रोकरला मी फोनवर विचारलं, ही बाग सांभाळणं झेपेल का आमच्यासारख्यांना? तो क्षणभरही थांबला नाही.

‘‘साहेब, टेन्शन घेऊ नका. ओसी आली की माझा माणूस पाठवतो. चार दिवसांत आत घेऊन देतो, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगसकट.’’